मालक, गाडी चालू हुईना

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आठ-दहा माणसांचं वर्कशॉप चालवायचं म्हणजे लेथ, जॉबवर्क आणि जीएसटी एवढंच सांभाळायचं, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात आम्ही एक छोटं परिवहन खातं चालवतो आणि उरलेल्या वेळात बुश-पिना बनवतो. सकाळी सात ते सव्वाआठच्या दरम्यान वाजलेला फोन गिऱ्हाइकाचा नसतोच. "मालक, गाडी चालू हुईना." "मालक, एस्टी फुडनं गेली." "मालक, वडाप भरंना झालंय." वडाप म्हणजे आमच्याकडची शेअर जीप.

यावर मालकाकडं तीन उत्तरं असतात. 'आज राहू दे' म्हटलं तर मशीन उभी राहते. 'रिक्षा करून ये, पैसे देतो' म्हटलं तर आठवडाभरात तो नियम होतो, आणि वर 'त्याला दिले, मला का नाही' हेही सुरू होतं. आणि 'थांब तिथंच, मी येतो' म्हटलं की संपलं. तुम्ही ड्रायव्हर झालात.

स्वतःच्या कारनं माणसं आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. वाटेवरच तर आहे, विश्रामबागेत दोघांना उचलू, पुढं एकाला, असा हिशेब असतो. पूर्वी एक माणूस उशिरा यायचा, आता ज्याला 'आलोच, चप्पल घालतोय' म्हणायची सवय आहे त्याच्यामुळं मालकासकट चौघे उशिरा पोचतात. शिवाय पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून सीनिऑरिटीचे जे प्रश्न निघतात, ते पगारवाढीच्या वेळीही निघत नाहीत.

कागदाचा भाग वेगळाच. नुसतं बरोबर बसवून आणलं तोवर ठीक. पण पगारातून 'डिझेलचे' म्हणून पाचशे कापले की पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालली असा अर्थ होतो. त्याला परमिट लागतं आणि खासगी कारच्या विम्यात भाड्याची वाहतूक बसत नाही. पगारपत्रकात 'डिझेल कपात' असा रकाना करणारे महाभाग आहेत. पुरावा इतक्या सुवाच्य अक्षरात कुणी देत नाही. रोज माणसं आणायचीच असतील तर पैसे घेऊ नका आणि विमा एजंटाला विचारून मालकाच्या गाडीत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची जबाबदारी घेणारं जोडकलम पॉलिसीत घालून घ्या. त्याचा हप्ता नाममात्र असतो, म्हणूनच एजंट आपणहून सांगत नाही.

छोटा हत्ती मात्र माणसांसाठी वापरूच नका. माल पोचवून रिकामा परत येतोय, बसा मागं, हे बोलायला सोपं आहे. हौद्यात बसून कामाला निघालेले सहा जण म्हणजे विमा कंपनीच्या लेखी सहा पोती, आणि पोती निदान बिलात तरी असतात.

मग येते जुनी मोटारसायकल. 'याला एक गाडी घेऊन देऊ, कटकट संपेल' असं वाटण्याचा एक दिवस प्रत्येक मालकाच्या आयुष्यात येतो. शंभर सीसीची जुनी गाडी बघायला जाताना सकाळी जा आणि आधी इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर विकणाऱ्यानं ती तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना ती चालू होत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, रिंग किंवा वॉल्व्ह सील गेलेत. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. बरोबर मधोमध खटकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, बदलायचा आहे. मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे दातेरी चक्रावरची, चेन मागं ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेटच घ्यावा लागेल. नुसती चेन बदलणाऱ्याची नवी चेन झिजलेले दात लवकरच खाऊन टाकतात.

कागदात चासी नंबर गाडीवर वाचून आरसीशी ताडा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमाही १४ दिवसांत नव्या नावावर करायला लागतो. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का बघा, नसेल तर दुचाकीला जीएसटीसह ५३१ रुपये धरा.

आता नाव कुणाचं? फर्मच्या नावावर ठेवली तर गाडी तुमची आणि करमणूकही तुमची. ई-चलन गाडीच्या नोंदणीवरच्या मोबाइलवर येतं. तुम्ही बँकेत रांगेत उभे असता आणि मेसेज येतो. फोटो उघडावा तर एमएच १० च्या आपल्याच गाडीवर तिघं जण. चालवणारा आपला नाहीच, मधला आपला आहे, आणि मागं बसलेल्यानं आपल्याच वर्कशॉपमधलं कापडी बोचकं मांडीवर घेतलंय. हेल्मेट आहे, पण ते आरशाला अडकवलेलं. आणि चालवणाऱ्याकडं लायसन्स नसेल तर त्याच्या दंडाशिवाय गाडी दिली म्हणून मालकाला वेगळे ५,००० रुपये आहेत, मोटार वाहन कायद्याचं कलम १८०. म्हणून किल्ली देण्याआधी लायसन्सची झेरॉक्स फायलीत. लर्निंग असेल तर पक्क्या लायसन्सच्या टेस्टला ३० दिवसांनी जाता येतं, आणि ते सहा महिन्यांत बाद होतं. ते बाद झालंय हे आपल्या माणसाला सातव्या महिन्यात, पोलिसानं हात केल्यावर कळतं.

माझं मत विचाराल तर गाडी त्याच्याच नावावर, आणि आपण द्यायची ती उचल. बँकेतून ट्रान्सफर, व्हाउचरवर सही, आणि हप्ता असा की सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाणार नाही. वेतनाच्या कायद्यात तीच मर्यादा आहे. हप्ता हलका ठेवावा हे कायद्यापेक्षा अनुभवाचं सांगणं. जड हप्ता लागला की गडी दोन महिन्यांत शेजारच्या शेडमध्ये दिसतो, तुमच्याच गाडीवर.

गाडी आली म्हणजे माणूस आला असं नाही. तासगावकडून येणाऱ्याचं जाऊन-येऊन पन्नासएक किलोमीटर होतं. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १,३०० किलोमीटर. लिटरला ५५ चं ॲव्हरेज मिळालं तर २४ लिटर, म्हणजे १०५ च्या भावानं अडीच हजार. वर ऑइल, ब्रेक शू, पंक्चर. त्याला पेट्रोलला म्हणून महिन्याला हजार देऊन आपण थोर काम केलं असं समजू नका, दीड हजार तो अजून खिशातूनच घालतोय. आणि खिसा रोज पन्नासाचंच पेट्रोल घालू देतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ते चालून जायचं, रिझर्व्हला लावली की घरी. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांचा पेट्रोल पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनंच थंड राहतो. टाकी कायम तळाला असली की तो तापतो आणि एक दिवस जातो, पेट्रोलमध्ये वाचवलेले सगळे पैसे घेऊन. महिन्यातून एकदा भत्त्याऐवजी पंपावर टाकी फुल करून द्या, तेवढंच पुष्कळ.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं किंवा झाकणातलं पाणी वाहून जायचं भोक चिखलानं बुजलेलं असतं. पाणी टाकीत उतरतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते पाण्याशी मिळतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. इंजिन आधी तळातलंच ओढतं, आणि सकाळी 'चालू हुईना'. ऊस आमचाच, इथेनॉल आमचंच आणि बंद पडलेली गाडीही आमचीच. झाकणाचं रबर किरकोळ किमतीत मिळतं, मेमध्येच बदलून टाका. कार्बोरेटर असेल तर त्याच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून साठलेलं पाणी सोडता येतं. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला एवढं शिकवून ठेवलं तर रात्री साडेअकराचा फोन वाचतो.

उसावरून आठवलं. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की रात्रीचा रस्ता बदलतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावरचा गाण्यांचा डेक दोन किलोमीटरवरून ऐकू येतो, मागची ट्रॉली मात्र दोन फुटांवर आल्यावर दिसते. तिला दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर त्यावर उसाची पाचट लोंबत असते. समोरून लख्ख दिव्याची गाडी आली की नेमकी तेव्हाच ती अदृश्य होते. सीझनमध्ये दुसरी शिफ्ट तासभर आधी सोडता आली तर सोडा आणि लांबचा माणूस पहिल्या शिफ्टला घ्या. याबाबतीत मी विनोद करत नाही. कामावर येता-जाताना झालेला अपघात कामाशी जोडलेला असेल तर ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, तो कामावरचाच अपघात धरतात, २०१० पासून ही तरतूद आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, रात्री ड्युटीवर निघालेल्या साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात, भरपाईच्या जुन्या कायद्याला तोच अर्थ लावला. दहा माणसं झाली की ईएसआय लागतोच. त्याहून कमी असतील तर कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी काढा.

एवढं सगळं करून झाल्यावर माणूस एस्टीकडं वळतो, खरं तर आधी तिकडंच बघायला हवं. मासिक पासला वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस जाता येतं. सव्वीस दिवस येणाऱ्याचे सहा दिवस फुकट. महिन्यातून आठ दिवस 'पावणे आलेत' म्हणून दांडी मारणाऱ्याला पास काढून देऊ नका, तोटा आहे. बायकांनाही नको. मार्च २०२३ पासून त्यांना निम्मं तिकीट आहे, म्हणजे सव्वीस दिवसांचं तेरा दिवसांच्या भाड्यात भागतं. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती, त्यामुळं म्हैसाळच्या पुढं कर्नाटकातल्या कागवाडकडून येणाऱ्या बाईंचा हिशेब वेगळा करा. रात्री बाईंना थांबवायचं असेल तर मात्र त्यांची संमती आणि घरापर्यंत सोडायची सोय दोन्ही लागतं. दुकान-ऑफिसला साडेनऊनंतरसाठी तसा २०१७ चा कायदाच आहे, कारखान्याला तर हेच संध्याकाळी सातनंतर लागतं. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ या बाजूच्यांना रेल्वेचा पास सगळ्यात स्वस्त. अडचण मिरज स्टेशनपासून कुपवाडपर्यंतची. तिथं वडाप. वडाप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरल्यावर आत कुणाला हलता येत नाही.

खरी गोम वेळेत आहे. शिफ्ट आठची आणि एस्टी आठ दहाला टेकते. मालक वर्षभर त्या दहा मिनिटांवरून भांडतो, अर्ध्या दिवसाची रजा लावतो. कामगार आधीची सव्वासहाची गाडी धरतो, सव्वासातला येऊन शेडच्या शटरपाशी झोपतो आणि मग कामावर पेंगतो. महामंडळ तुमच्यासाठी गाडी अलीकडं आणणार नाही. शिफ्ट साडेआठची करा. गाडी कधी येते हे वेळापत्रकावरून ठरवू नका, आठवडाभर वॉचमनला वहीत लिहायला लावा. सुटायची वेळही तशीच, परतीच्या गाडीच्या वीस मिनिटं आधी, कारण हात धुणं, डबा भरणं आणि तंबाखू मळणं याला तेवढा वेळ लागतोच. गिऱ्हाइकाला माल वेळेत हवा असतो, मशीन आठला चालू झाली की साडेआठला हे तो विचारत नाही.

पुराचे दिवस सोडून द्या. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला, २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा कुणी आलं नाही तर विचारू नये. काहींची रजा मात्र २५ फुटांनाच लागू होते, ते गाव नदीपासून किती लांब आहे हे नकाशात बघून ठेवा.

पाच किलोमीटरच्या आतल्यांना सायकल. रस्ता सपाट आहे, वीस-पंचवीस मिनिटांत माणूस येतो. पण 'शेजारचा बुलेटवर येतो' हे उत्तर तयार असतं.

मग उरतो तो शेवटचा उपाय: सावळीत किंवा बामणोलीत खोली बघून द्यायची आणि डिपॉझिटला उचल द्यायची. पेट्रोल भत्ता लगेच बंद करू नका, निम्मा करा, नाहीतर तो पुन्हा गावाकडनं यायला लागतो. खोलीपासून गेटपर्यंत पायी पाच मिनिटं. साडेआठच्या शिफ्टला तासगावचा आठ पंचवीसला आत असतो, मिरजेचा साडेआठच्या ठोक्याला येतो, आणि पावणेनऊला फोन वाजतो, "मालक, आलोच, इथंच तर हाय."