हयातीचा दाखला

जगबुडी होवो, शहरं ओस पडोत, मेलेली माणसं उठून जिवंतांचे लचके तोडोत, काउंटर काही सुटत नाही. अलीकडे एक माणूस, पलीकडे रांग. माझा भाचा नागपुरात इंजिनीअरिंगला आहे, आमच्याकडेच राहतो. त्याने ‘क्वारंटाईन झोन : द लास्ट चेक’ नावाचा गेम घेतला आणि मला हाक मारली, “मामा, इकडे या. तुमच्या डिपार्टमेंटचा गेम आला.”

मी बँकेत आहे, पेन्शनच्या टेबलावर.

ब्रिगाडा गेम्स नावाच्या मंडळींनी केलेला हा गेम जानेवारी २०२६ मध्ये आला. आपण नाक्यावर उभे. झॉम्बींच्या साथीतून वाचलेली माणसं एकेक करून पुढ्यात येतात. आपल्याकडे टॉर्च, थर्मामीटर, स्टेथोस्कोप, गुडघ्यावर मारायची हातोडी आणि पुढे पुढे आतलं दाखवणारं यंत्रही. डोळे पाहा, कातडी पाहा, थैली तपासा आणि निकाल द्या. धडधाकट असेल तर वस्तीत, संशय असेल तर क्वारंटाईनमध्ये, लागण झाली असेल तर लिक्विडेशन, म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. एक जरी लागण झालेला वस्तीत शिरला, तर रात्रीतून शेजाऱ्यांना खाऊन मोकळा. मधूनच झॉम्बींची टोळी भिंतीवर चाल करून येते, तेव्हा ड्रोनने गोळ्या झाडायच्या. ते काम भाचा करतो. गोळीबार माझ्या टेबलाचं काम नव्हे.

या जातीच्या खेळांचा वडीलधारा ‘पेपर्स, प्लीज’, लुकास पोप यांनी २०१३ साली केलेला. त्यात एका काल्पनिक देशाच्या सीमेवर बसून पासपोर्ट तपासायचे. तो मला जमला असता. कागद खोटं बोलत असला तर मला वासावरून कळतं. इथे मात्र कागद नाहीच, थेट देह समोर, आणि देहावर ना शिक्का ना सही.

लक्षणांची यादी देतात : लाल डोळे, अंगावर पुरळ, ताप, खोकला, काळेनिळे डाग. वाचून मी भाच्याला म्हटलं, “अरे, हा तर मे महिन्यात आपल्या सीताबर्डीच्या बाजारात फिरणारा कोणीही माणूस आहे.” नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागलाय, पारा ४५ च्या वर गेलाय. लाल डोळे? दुपारी दोनला वर्धा रोडने गाडीवर आलेल्याचे पाहा. पुरळ? घामोळ्या. अंग तापलंय? कूलरमधलं पाणी संपलं असेल. खोकला, नाकाला धार, कपाळावर घाम, तोंडातून शब्द फुटत नाही? सावजीचं जहाल तिखट जेवून आलाय, दहा मिनिटं बसू द्या. तोंड उघडा म्हटलं तर दोन बोटं शिरतील एवढंही उघडेना आणि आतून लालजर्द, तर तो झॉम्बी नाही, खर्रा आहे, म्हणजे आमच्याकडची सुपारी-तंबाखू. (त्याला डॉक्टरकडे नक्की पाठवा, पण गेममधल्या नव्हे.) आणि हे दिसायला आधी चेहरा दिसायला हवा ना! उन्हाळ्यात आमच्याकडे दुचाकीवरचं माणूस दुपट्टा असा गुंडाळतं की सख्खी आई ओळखणार नाही. झडतीत खिशातून कांदा निघाला तर? लू लागू नये म्हणून माणूस कांदा घेऊन फिरतो, हे त्या ब्रिगाडावाल्यांना कोण समजावणार?

थर्मामीटरचं तर बोलूच नका. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या अपार्टमेंटच्या चौकीदाराच्या हातात ताप मोजायची बंदूक आली. ती मोजते कपाळाच्या कातडीची उष्णता. उन्हातून आलेल्या कपाळावर धरली की आकडा चढलाच. सोसायटीच्या अध्यक्षांना स्वतःच्या घरात शिरता येईना. शेवटी चौकीदाराने तोडगा काढला : सगळ्यांनी गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली उभं राहायचं, आकडा उतरला की आत. त्या तेवढ्याशा सावलीत, साथीपासून वाचण्यासाठी, माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहायची.

आता आईचा सहभाग. ती मेथी निवडत मागे बसते आणि यंत्राआधी निकाल देते.

“हा पोरगा चांगल्या घरचा दिसून राहिला. त्याले काहून अडवलं?”

“आई, त्याच्या मानेवर चावल्याची खूण आहे.”

“कुत्रं चावलं असंन. जाऊ दे त्याले आत, जेवला नसंन बिचारा.”

वस्तीत जेवायला काय आहे, हा प्रश्न आईला पडत नाही. गेमला पडतो. अन्न, औषधं, इंधन, सगळ्याचा हिशेब आपल्याच डोक्यावर. लिक्विडेशन तर तिला मुळीच मंजूर नाही. तिचं म्हणणं, एवढी रोगराई आहे तर मारबत काढा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबत म्हणून मोठा पुतळा निघतो, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत तिला वाजतगाजत नेतात आणि शेवटी जाळतात. नागपूरचं लिक्विडेशन हे असं चालतं, खऱ्या माणसाच्या केसालाही धक्का न लावता. सूचना म्हणून ती मला वाईट वाटत नाही.

पण भाच्याचं मूळ म्हणणं खोटं नाही. आमचा झॉम्बीचा हंगाम नोव्हेंबरात असतो. पेन्शन घेणाऱ्याने त्या महिन्यात आपण जिवंत असल्याचं दाखवायचं. केंद्र सरकारचे पेन्शनर ८० किंवा त्यापुढचे असतील तर त्यांना ऑक्टोबरपासूनच सवलत. गेममध्ये मेलेला जिवंतांत घुसू नये म्हणून पहारा, आमच्याकडे मेलेल्याचं पेन्शन जिवंत राहू नये म्हणून. २०१४ पासून डिजिटल दाखला आला, म्हणजे यंत्रावर बोट ठेवायचं. आयुष्यभर राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, कातडी कोरडी पडलेली असते.

“आजोबा, मशीन घेत नाही.”

“मंग काय म्हणते मशीन? मेलो का मी?”

“तसं नाही, मॅच होत नाही म्हणते.”

“अरे, मी तुह्यासमोर उभा आहो ना!”

“मला दिसून राहिले हो तुम्ही. सिस्टिमला दिसले पाहिजे.”

मग बोट पुसा, दुसरं बोट लावा, हाताला थोडं तेल चोळा. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही काम होतं, त्यात पापणी लववावी लागते. मोतीबिंदू काढलेले आजोबा पापणी लववेपर्यंत मागची रांगही डोळे मिटायची विसरते. नवऱ्यामागे फॅमिली पेन्शन घेणाऱ्या आजींकडून कधीकधी पुन्हा लग्न केलं नसल्याची सही घ्यायची असते. काठी टेकत आलेल्या एक आजी कागद नीट वाचून म्हणाल्या, “कोणी विचारलंच नाही रे बापा,” आणि सही करून गेल्या.

म्हणून या गेममधली माणसं मला पटत नाहीत. झॉम्बी पटतात, रांग पटत नाही. इतकी मुकाट! कोणी म्हणत नाही की मॅनेजर माझे साडू लागतात. कोणी चप्पल ठेवून नंबर लावत नाही. कोणाला दोन मिनिटांचं काम असल्यामुळे मधे घुसायचं नसतं. डोळ्यांत टॉर्च मारली, गुडघ्यावर हातोडी हाणली, तरी ‘हे कोणत्या नियमात बसते, लिहून द्या’ असं विचारणारा एक पेन्शनर त्या अख्ख्या जगात वाचलेला नाही. मग ती साथ केवढी भयंकर असेल!

त्या नाक्यावर मला मनापासून आवडलेली एकच जागा आहे, क्वारंटाईन. तिथे निकाल द्यावा लागत नाही. माणूस ठेवायचा, उद्या पुन्हा पाहायचा. उद्या लक्षण उमटलं तर आपण म्हणतच होतो, नाही उमटलं तरी आपण काळजीच घेत होतो. इतकी सोयीची व्यवस्था सरकारी जी.आर.मध्येही सापडायची नाही. पुरळ दिसली, क्वारंटाईन. नुसता खोकला, क्वारंटाईन. काहीच नाही, अगदी ठणठणीत? मग तर नक्कीच काहीतरी लपवतोय, क्वारंटाईन.

“मामा, तुम्ही तर सगळ्यांलेच उद्या या म्हणून राहिले,” भाचा म्हणाला.

“प्रोसिजर आहे.”

“तिथल्या जागा मोजक्या असतात. भरलं ते.”

खरंच भरलं होतं. आणि समोर उभा होता लाल डोळ्यांचा, घामेजलेला, बगलेत थैली धरलेला एक माणूस. वस्ती की लिक्विडेशन, दोनच वाटा. आई म्हणाली, घे आत. भाचा म्हणाला, उडवा. मी टॉर्च पाहिली, हातोडी पाहिली, स्टेथोस्कोप पाहिला, सगळी हत्यारं खालवर केली, सेटिंगमध्येही जाऊन आलो. ‘सर्व्हर डाऊन आहे’ ही पाटी त्यांनी कुठेच दिलेली नाही.