३५२ हा आकडा एकटा पुरत नाही

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन लढाऊ वैमानिक एरिश हार्टमन याच्यावरचा लेख आवडला, पण त्याने पाडलेली ३५२ विमानं आणि दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांचे आकडे शेजारी ठेवून 'कौशल्यातला फरक' म्हणणं पटलं नाही. ब्रिटिश-अमेरिकन वैमानिकांना ठरावीक काळानंतर आघाडीवरून मागे बोलावत. जर्मन मात्र मरेपर्यंत किंवा जायबंदी होईपर्यंत उडत राहायचे. ऑक्टोबर १९४२ ते ८ मे १९४५ या अडीच वर्षांत हार्टमनने सुमारे १,४०० उड्डाणं केली. इतकी संधी दुसऱ्या बाजूला मिळालीच कुणाला?

शिवाय सुरुवातही फार चमकदार नव्हती. पहिल्याच मोहिमेत गडी भांबावला, सोबतच्या अनुभवी वैमानिकाला सोडून भरकटला, इंधन संपलं आणि विमान पोटावर उतरवावं लागलं. शिक्षा म्हणून तीन दिवस मेकॅनिकांच्या हाताखाली काम! पुढे तो अगदी जवळ जाऊनच गोळी झाडायला शिकला.

लेखात युद्धानंतरचं फक्त एक वाक्य आहे, याचं फार वाईट वाटलं. अमेरिकनांनी त्याला सोव्हिएतांच्या ताब्यात दिलं, दहा वर्षं तो कैदेत होता. मुलगा त्याच काळात जन्मला आणि बापाने तोंड पाहण्याआधीच वारला. १९५५ मध्ये सुटून तो पश्चिम जर्मनीच्या हवाईदलात गेला आणि तिथे स्टारफायटर ही अमेरिकन लढाऊ जेट विमानं घेण्याला त्याने उघड विरोध केला. वरिष्ठांना ते रुचलं नाही, १९७० मध्ये तो निवृत्त झाला. त्या विमानांच्या अपघातांत शंभराहून अधिक जर्मन वैमानिक गेले. मला तरी ३५२ पेक्षा त्याचा हा विरोध मोठा वाटतो.