'माझा हात' म्हटलं की हात हलतो? काकूंच्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: लकवा झालेला हात हलत नाही कारण मेंदूने तो 'आपला' मानणं सोडलेलं असतं, रोज १०८ वेळा 'हा माझा हात' म्हणा, २१ दिवसांत हात उठेल, फिजिओ नको, रबरी हाताच्या प्रयोगाने हे सिद्ध झालंय. काकांचा डावा हात स्ट्रोकने लकवा झालेला, काकूंनी हे वाचून त्यांच्या फिजिओला येऊ नका म्हणून कळवलं, आज दहावा दिवस. म्हणून हे उत्तर, नाहीतर असले फॉरवर्ड मी न उघडताच उडवतो.

रबरी हाताचा प्रयोग खरा आहे. १९९८ साली बॉटव्हिनिक आणि कोहेन यांनी तो 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापला. खरा हात आडोशाला, समोर रबरी हात, दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा, थोड्या वेळाने रबरी हातच आपला वाटायला लागतो. बरं, मग वाटला म्हणून कुणी त्याची मूठ वळून दाखवली का?

'हात माझा आहे' आणि 'तो मी हलवतोय' या दोन वेगळ्या जाणिवा आहेत. २०१२ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये काल्कर्ट आणि एरसन यांनी नकली हाताचं बोट खऱ्या बोटाला दांडीने जोडलं. बोट दुसऱ्याने हलवलं तर हात 'माझा' वाटत राहिला पण 'मी हलवला' असं वाटेना, आणि नकली हात उलटा फिरवून ठेवला, माणसाने स्वतः बोट हलवलं, तर 'मी हलवतोय' वाटलं पण हात काही 'माझा' वाटेना. एक आली की दुसरी आपोआप येते असं नाहीच.

एवढं लांब कशाला, काकांनाच विचारा ना. उजव्या हाताने डावा उचलून मांडीवर ठेवत म्हणाले, "माझाच आहे रे, ऐकत नाही फक्त." हुकूम हातापर्यंत न्यायची मेंदूतली वाटच स्ट्रोकने तुटलीय, तिथे जप काय करणार? आणि हे दहा दिवस मनगट आखडत चाललंय ते वेगळंच.

अर्धसत्य मान्य करतो. स्ट्रोकनंतर काही पेशंट, बहुतेक मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसलेले, डावा हात आपला नाहीच म्हणतात. आरशात चांगल्या हाताची हालचाल बघत करायच्या व्यायामाचाही उपयोग होतो, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये ६२ अभ्यास तपासून तसं म्हटलंय. पण तो व्यायाम आहे हो, आणि नेहमीच्या फिजिओच्या जोडीला करायचा, त्याच्याऐवजी नाही.

२१ दिवस आणि १०८ वर काय बोलायचं.

काकू, फिजिओला मी फोन केलाय, उद्या साडेदहाला येतायत. कपाटाच्या दाराचा सुटा आरसा पुसून ठेवा, तो लागेल.