बरणी पाहावी घेऊन

घर पाहावं बांधून नि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्यानं दहा किलो कैऱ्यांचं लोणचं एकदम घातलेलं नसावं. अर्धा किलोचं लोणचं काचेच्या कुठल्याही बाटलीत सुखानं मुरतं. दहा किलो म्हटलं की भांडं शोधावं लागतं, आणि घरातला जो तो भांड्यांतला जाणकार निघतो. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. बरणी घ्यायला निघालेल्या बाईला सल्ले त्याहून जास्त मिळतात.

पहिला मान जावईबापूंचा. मुक्काम संभाजीनगर. "वाळूजला बिअर स्टीलच्या टाक्यांत आंबते, मग लोणच्याला स्टीलची कोठी का नको?" जावयाला तोंडावर काय बोलणार, म्हणून इथे लिहिते: बिअरमध्ये मीठ नसतं हो! दहा किलो फोडींना मीठ लागतं दीड ते दोन किलो. मिठातलं क्लोराइड स्टीलवरचा संरक्षक पापुद्रा फोडतं, कैरीचं आम्ल त्याला हातभार लावतं, आणि स्टीलला बारीक बारीक खड्डे पडतात. तांबूस ठिपके आधी सांध्यापाशी दिसतात. 304 प्रतीचं स्टील जरा तग धरतं, स्वस्तातलं 202 लवकर हात टेकतं. ॲल्युमिनियम आणि पितळ यांचं नावच नको. कल्हई केलेली असली तरी नको.

मग दिरांकडून शेतातला निळा ड्रम येतो, "तीन पाण्यानं धुतलाय" या प्रशस्तिपत्रासह. आधी त्यात काय होतं ते विचारावं. उत्तर "औषध" असं आलं, तर तो गोठ्यातसुद्धा नको. खाद्यपदार्थांसाठीचा नवा एचडीपीई, म्हणजे जाड टणक प्लास्टिकचा, डबा चालतो. बुडाला त्रिकोणात 2 आणि शेजारी पेला-काट्याची खूण बघून घ्यावी. पण डाव लाकडाचाच वापरावा, कारण स्टीलच्या डावानं चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी घर करते. शिवाय हिंगाचा वास त्या डब्यातून जन्मात जात नाही.

राहता राहिली चिनी मातीची बरणी. कोरड्या फोडी फार जागा खातात. मीठ लागून चेपल्या की बसतात. वर तेल आणि थोडी मोकळी जागा धरून दहा किलोंना 20 लिटरची बरणी लागते. दुकानात मात्र बरणी "दहा किलोची" असते. दहा किलो कशाचे, पाण्याचे की बाजरीचे, ते कोणी सांगत नाही. म्हणून लिटरच्या मापानं पाणी ओतून बघावं. "कामून एवढं मोजायलाव काकू? बरणी हाय, टँकर न्हाई," असं दुकानदार म्हणतो. म्हणू द्यावं.

खरा पेच घेराचा. फोडींवर निदान दोन सेंटिमीटर तेल उभं राहायला हवं, नाहीतर वरच्या फोडींवर पांढरा बुरा धरतो. बरणीचा आतला घेर 30 सेंटिमीटर आरपार असेल, तर तेवढ्या थरालाच सुमारे 1.4 लिटर तेल जातं. 24 असेल तर 0.9 लिटरात भागतं. म्हणजे उंच बरणी तेल वाचवते. पण 20 लिटर मावायचे तर ती आतून 44 सेंटिमीटर खोल होते, आणि तळ ढवळायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो. त्यात तोंड अरुंद असलं तर घासताना बादल्यांमागून बादल्या पाणी जातं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या गावात हे परवडणारं नाही. माझं मत: तेल जाऊ दे, हात आत जायला हवा.

घेण्याआधी बोटाच्या पेरानं बरणी वाजवावी. टण्ण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तडा आहे. आत विजेरी मारून झिलईला टाचणीएवढी छिद्रं नाहीत ना, ते बघावं. आतून रंगीत नक्षी असलेली बरणी शोभेची समजावी. रंगात शिसं असलं तर आंबटात उतरतं. घरी आणल्यावर रात्रभर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवावी. सकाळी कागद ओला दिसला तर बरणी परत. कोरडा असेल तर धुऊन दोन दिवस उन्हात उपडी. मे महिन्यात ऊन मागायला कुठे जावं लागत नाही.

झाकण पहिले आठ दिवस घट्ट लावू नये. मीठ कमी पडलं असेल तर फोडी फसफसतात आणि वायू कोंडतो. तोंडाला कापडाचा दादरा बांधला की वायू निघून जातो, माशी बाहेर राहते. फोडणी पूर्ण गार करूनच ओतावी, कडकडीत तेलानं बरणी तडकते.

आणि बरणी जिथे वर्षभर राहायची तिथेच, लाकडी पाटावर ठेवून भरावी. आतला ऐवजच पंधरा-सोळा किलोंचा, वर बरणीचं स्वतःचं वजन. ती नंतर सरकवायची झाली तर जावईबापूंनाच बोलवावं लागेल, आणि ते पुन्हा स्टीलचा विषय काढतील.