फायली पुसायला मी अजून जुनंच व्हर्जन वापरतो

"अजून तेच जुनं वापरतोस?" असं इतक्या जणांनी विचारून झालंय की म्हटलं, एकदा बसून सविस्तर लिहूनच टाकू. विषय छोटा आहे. कॉम्प्युटरवरच्या फायली कायमच्या पुसणारं एक सॉफ्टवेअर, त्याचं नवं व्हर्जन येऊन बरीच वर्षं झाली, आणि मी ते मनापासून वापरून बघून परत जुन्यावर आलो. नाव मुद्दाम घेत नाही. ते फुकट मिळतं, बनवणारी माणसं आपापली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात त्यावर काम करतात, आणि माझी तक्रार त्यांच्या मेहनतीबद्दल अजिबात नाही.

असं सॉफ्टवेअर मुळात लागतं कशाला, ते आधी सांगतो. फाइल डिलीट केली, रीसायकल बिनही रिकामं केलं, की आपल्याला वाटतं गेली. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीनं मांडलेल्या डिस्कवर तेव्हा होतं एवढंच, की फाइलच्या नोंदीवर 'ही आता वापरात नाही' अशी खूण पडते आणि तिनं अडवलेली जागा मोकळी धरली जाते. मजकूर जिथल्या तिथे असतो. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तसाच पडून राहतो, कधी दोन मिनिटं, कधी दोन वर्षं. पुसणारं सॉफ्टवेअर त्या जागेवर आधी दुसरा डेटा लिहितं आणि मग फाइल काढून टाकतं.

एवढ्यानं भागत नाही, कारण फाइलचे अवशेष अनेक ठिकाणी उरतात. डिस्कवर जागा क्लस्टरच्या मापानं वाटली जाते, साधारणपणे ४०९६ बाइटांचा एक क्लस्टर. ५००० बाइटांच्या फाइलला दोन क्लस्टर लागतात, म्हणजे ८१९२ बाइट. उरलेल्या तीन हजारांहून जास्त बाइटांत आधी त्या जागी असलेल्या कुठल्यातरी फाइलचा तुकडा सापडू शकतो. उलट अगदी चिमुकली फाइल क्लस्टरपर्यंत पोचतच नाही, ती नोंदींच्या तक्त्यातच मावून जाते. फाइलचं नाव पुन्हा वेगळं उरतं. मार्क रसिनोविच यांचं एस-डिलीट हे असंच पुसणारं सॉफ्टवेअर म्हणूनच फाइल काढण्याआधी तिचं नाव २६ वेळा बदलतं, ए पासून झेड पर्यंत. शिवाय विंडोज स्वतःहून शॅडो कॉपी, म्हणजे फायलींच्या आधीच्या अवस्थेच्या प्रती, ठेवतं, त्यात जुनी प्रत असू शकते ती वेगळीच.

म्हणजे 'पुसलं' या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळी कामं आहेत आणि त्यातलं एकही डोळ्यांना दिसत नाही. भांडं घासलं की चकाकतं, फरशी पुसली की ओली दिसते. इथे काम झालं तरी फाइल दिसत नाही, आणि अर्धवट राहिलं तरी दिसत नाही. माझं सगळं म्हणणं यातूनच येतं. ज्या कामाची खातरजमा वापरणाऱ्याला करता येत नाही, ते करणाऱ्या सॉफ्टवेअरनं काय पुसलं आणि काय राहिलं ते आपणहून समोर मांडलं पाहिजे. जुनं व्हर्जन मांडतं. नव्याला खोदून खोदून विचारावं लागतं.

जुन्याची खिडकी दिसायला अगदी साधी आहे. करड्या रंगाची, हाताच्या पंजाएवढी. पुसायच्या फायली तिच्यात ओढून टाकायच्या, मग त्यांची यादी दिसते. सुरू करण्याआधी ती विचारते की इतक्या फायली आहेत, पुसू ना? हो म्हटलं की दोन पट्ट्या सरकू लागतात. वरची चालू फाइलची, खालची एकूण कामाची. वरच्या पट्टीच्या डोक्यावर फाइलचं नाव, बाजूला कितवी फेरी (एक फेरी म्हणजे त्या जागेवर एकदा दुसरा डेटा लिहिणं) चालू आहे तो आकडा, आणि खाली 'थांबवा'चं बटण. काम संपलं की अहवाल उघडतो: किती बाइट पुसले, क्लस्टरच्या टोकांची किती जागा पुसली, किती वेळ लागला. एखादी फाइल जमली नसेल तर तिचं पूर्ण नाव आणि कारण त्याच पानावर. अहवाल बंद केल्याशिवाय खिडकी जात नाही. लोकांना हे कटकटीचं वाटतं. मला मात्र नेमकं हेच हवं असतं.

या खिडकीशी माझं जे नातं आहे ते बाबांमुळे. बाबा हिशेब लिहायचं काम करायचे. वय झालं तसं त्यांनी काम थांबवलं आणि कॉम्प्युटर नात्यातल्या एका मुलीला अभ्यासासाठी द्यायचं ठरलं. त्यात लोकांचे अनेक वर्षांचे हिशेब होते, कोणाची कर्जं, कोणाचे वाटणीचे वाद. बाबा म्हणाले, "लोकांनी विश्वासानं दिलेले कागद आहेत. माझ्यासमोर पूस."

खुर्ची ओढून ते शेजारी बसले. मी फोल्डरमधल्या सगळ्या फायली खिडकीत ओढल्या, यादी आली आणि मी पटकन बटणाकडे निघालो. "थांब," ते म्हणाले, "जरा खाली घे." मी यादी खाली सरकवली. हिशेबाच्या सत्तर-ऐंशी फायलींच्या मधोमध एक फाइल होती, तिच्या नावात ताईचं नाव आणि 'निबंध' असा शब्द. ताईनं शाळेत असताना लिहिलेला निबंध त्यांनी कधीतरी रात्री बसून स्वतः टाइप करून ठेवला होता. घरात कोणालाच माहीत नव्हतं, ताईलाही नाही.

"अहो बाबा, हे तुम्ही कधी केलंत?" मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, "ती तेवढी बाजूला काढ, बाकीचं चालू दे."

मग पट्टी सरकत गेली. एकेक नाव वर येत होतं, दोन-चार सेकंद थांबत होतं आणि जात होतं. बाबा प्रत्येक नाव वाचत होते. मधेच एखाद्या नावावर "हा माणूस फार चोख होता" असं काहीतरी म्हणायचे. शेवटी अहवाल आला, न जमलेल्या फायलींच्या जागी शून्य. त्यांनी चष्मा काढला आणि "झालं" म्हणाले. इतक्या वर्षांचं काम त्या खिडकीसमोर संपलं. ताईला निबंध दिला तेव्हा ती किती रडली ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी नवं व्हर्जन आलं. सगळं नव्यानं लिहिलेलं, दिसायला देखणं. त्यात आता फाइल पुसायची नसते, 'टास्क' तयार करायचं असतं. टास्कला नाव द्यायचं, वेळ ठरवायची आणि ते पडद्यामागे चालू देऊन आपण दुसऱ्या कामाला लागायचं. शंभर कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला याचा फार उपयोग होत असेल, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो. वापरात अडकलेली फाइल कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताना पुसायची सोय त्यात आहे, तीही चांगलीच आहे.

पण माझ्याबरोबर काय झालं ते ऐका. माझी स्वतःची एक जुनी हार्ड डिस्क भाच्याला द्यायची होती. त्यात दुखण्याचे रिपोर्ट होते, बँकेचे कागद होते, बायकोनं आणि मी एकमेकांना लिहिलेली पत्रं होती. रात्री टास्क लावून झोपलो. सकाळी कोपऱ्यातल्या चिन्हाशेजारी संदेश होता: टास्क पूर्ण. डिस्क पिशवीत भरली होती. निघता निघता काय वाटलं कोण जाणे, परत बाहेर काढली आणि डिलीट झालेल्या फायली शोधून देणारा एक प्रोग्राम तिच्यावर चालवला. दहा मिनिटांत समोर पत्र आलं. पूर्ण, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत.

मग कारण शोधत बसलो. मुख्य खिडकीत 'पूर्ण'. टास्कवर राइट क्लिक, त्यातून लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, लॉगमध्ये त्या रात्रीची तारीख निवडायची, आणि तिथे खाली ओळ होती की परवानगी नसल्यामुळे अमुक फोल्डर वगळलं. म्हणजे प्रोग्रामला सगळं ठाऊक होतं. त्यानं ते लिहूनही ठेवलं होतं, फक्त चार दारांच्या आत. मी लॉग बघायला हवा होता असं कोणी म्हणेल. मी म्हणतो, काम अपुरं राहिलं असताना पहिल्या पानावर 'पूर्ण' हा शब्द यायलाच नको होता. अडचण येणं समजू शकतो. जुन्यालाही परवानगी नसेल तर ते फाइल पुसू शकत नाही, पण ते तसं तोंडावर सांगतं. ती पत्रं परक्या माणसाच्या हाती पडली असती तर ती मला कधीच परत घेता आली नसती, आणि मला ते कळलंही नसतं.

'आपण पुसलंय' हा खोटा दिलासा किती पसरलेला असतो, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ साली त्यावर लेख लिहिला. त्यातल्या १२९ चालू निघाल्या, आणि नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत पत्रं, आजारपणाची माहिती, क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक मिळाले. बऱ्याच डिस्क रीतसर फॉरमॅट केलेल्या होत्या, म्हणजे त्यांच्या मालकांनीही आपल्या परीनं पुसलंच होतं.

आता फेऱ्यांबद्दल, कारण यावर हमखास वाद होतो. नव्या व्हर्जनमध्ये आपण काही बदललं नाही तर ३५ फेऱ्या धरल्या जातात, आणि ती निवड सेटिंगच्या आत आहे. हा ३५ चा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून आला. पहिल्या ४ आणि शेवटच्या ४ फेऱ्यांत यादृच्छिक डेटा, मधल्या २७ त्या काळच्या डिस्कांवर डेटा मांडण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींसाठी. कुठल्याच एका डिस्कला त्या सगळ्या लागू नव्हत्या. गुटमन यांनी स्वतःच पुढे लिहिलं की आधुनिक डिस्कवर सगळ्या ३५ करण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका २०१४ च्या आवृत्तीत सांगते की चुंबकीय डिस्कवर एकदा लिहिणंही साधारणपणे पुरतं. हिशेब करून बघा. ५०० जीबीची डिस्क, सेकंदाला १०० एमबी वेग, म्हणजे एका फेरीला ८० मिनिटांहून थोडं जास्त. ३५ फेऱ्यांना दोन दिवस. दोन दिवस कॉम्प्युटर अडकून पडला की माणूस कंटाळून काम मधेच तोडतो आणि डिस्क अर्धवट राहते. जुनं व्हर्जन दर वेळी सुरुवातीलाच फेऱ्या विचारतं. मी १ निवडतो, फार नाजूक काही असेल तर ३.

"जुन्या सॉफ्टवेअरला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत" हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. ब्राउझर जुना ठेवू नका, ऑपरेटिंग सिस्टीम जुनी ठेवू नका, हे मीच सगळ्यांना सांगत असतो. पण हा प्रोग्राम इंटरनेटशी बोलत नाही, बाहेरून आलेली फाइल उघडून वाचत नाही. मी तो वेगळ्या ठेवलेल्या कॉम्प्युटरवर चालवतो, त्याला नेटचं कनेक्शनच नाही. इन्स्टॉलरची प्रत दोन ठिकाणी ठेवली आहे आणि सोबत तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा ओळख-आकडा, लिहून ठेवलाय. कुठल्यातरी अनोळखी साइटवरून जुनं व्हर्जन उतरवून घेणं मात्र खरोखर धोक्याचं आहे, ते कोणीही करू नका.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह, तिच्याबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण माझं ऐकून कोणी चुकीचं करायला नको. एसएसडीवर जुनं व्हर्जनही कामाचं नाही आणि नवंही नाही. तिथे आपण एका जागी लिहायला सांगितलं तरी आतला कंट्रोलर झीज सारखी वाटली जावी म्हणून ते दुसऱ्याच जागी लिहितो, जुना मजकूर मागे राहू शकतो. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तपासून दाखवलं की एसएसडीवर एकेक फाइल पुसण्याच्या पद्धतींवर विसंबता येत नाही. तिथे पहिल्या दिवसापासून संपूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, ठेवायची आणि देताना ड्राइव्हची स्वतःची पुसण्याची आज्ञा वापरायची. मी तसंच करतो. नव्या व्हर्जननं एसएसडी ओळखून 'इथे माझा भरवसा धरू नका' असं सुरुवातीलाच सांगितलं असतं, तर तेवढ्या एका गोष्टीसाठी मी आनंदानं त्याच्याकडे गेलो असतो.

बनवणाऱ्यांपैकी कोणापर्यंत हे पोचलं तर मागणं फार नाही. टास्क ठेवा, वेळापत्रक ठेवा, देखणी खिडकीही ठेवा. फक्त एखादी फाइल राहून गेली असेल तर 'पूर्ण' लिहू नका, तिचं नाव पहिल्याच पानावर दाखवा. आणि सुरू करण्याआधी यादी दाखवा, सावकाश खाली सरकवता येईल अशी. हे आलं की मी त्याच दिवशी जुनं काढून नवं बसवीन.

सध्या घरात फिरत्या तबकड्यांच्या दोन हार्ड डिस्क उरल्यात. त्यातली एक आत्ता हे लिहिताना शेजारी चालू आहे. पहिली फेरी, खालची पट्टी निम्म्याच्या थोडी पुढे.