ओठ मिटून हसा

साखरपुड्याच्या स्टेजवर फोटोग्राफर सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, तुम्ही ओठ मिटून हसा." बाकी कुणाला नाही, मलाच! पुढच्या दातांवर फ्लोराइडचे पांढरे डाग आणि त्यांच्यात रूट कॅनाल झालेला एक राखाडी दात, एवढाच माझा गुन्हा.

दवाखान्यात बाकावर शेजारी एक आजोबा होते. त्यांनी माझं तोंड असं निरखलं, जणू मीच पेशंट आणि तेच डॉक्टर.

"बोअरचं पाणी?"

"हो, लहानपणी. यवतमाळकडे."

"मग बरोबर. ब्लीचिंगच्या भानगडीत पडू नका. डाग आणखी उठून दिसतात. हे बघा!" असं म्हणून त्यांनी वरची कवळी काढली, रुमालाला पुसली आणि ट्यूबलाइटखाली धरली. "हाये का कुठं डाग? डॉक्टर म्हणे, वयाला ए-थ्री, म्हणजे जरा पिवळट शेड, शोभेल. मी म्हटलं, बी-वन द्या, पांढरीशुभ्र. पैसे मी देतोय." शब्दांतली हवा निसटत होती, अभिमान मात्र घट्ट बसला होता. समोरच्या बाईंनी पोराचे डोळे झाकले. आजोबांनी कवळी माझ्यापुढे धरली. "हातात घेऊन बघा, लाजू नका."

संताप याचा, की आजोबा अर्धे बरोबर होते. ब्लीचिंगमध्ये दात कोरडा पडतो, म्हणून डाग सुरुवातीला जास्तच पांढरे दिसतात. दोन-तीन दिवसांत दात पुन्हा ओला झाला की फरक कमी होतो. म्हणूनच शेड दात ओले असताना, कामाच्या आधी आणि उजेडात ठरवायची. घरी दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये वापरायचं ब्लीचिंगचं जेल साधारण १० ते १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं असतं, दवाखान्यातलं ३५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं. कॅप किंवा कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) यांचा रंग दोन्हींनी बदलत नाही. आणि ब्लीचिंगनंतर लगेच कॉम्पोझिट लावलं तर नीट चिकटत नाही, दोन आठवडे थांबावं लागतं.

वरवरच्या पांढऱ्या डागांवर रेझिन इन्फिल्ट्रेशन हा उपाय चांगला. १५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड दोन मिनिटं, धुवून अल्कोहोलने कोरडं, मग पातळ रेझिन मुरवून लाइटने पक्कं करायचं. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. तपकिरी डागांना आधी मायक्रोॲब्रेजन, म्हणजे ॲसिड आणि बारीक पावडरने वरचा पातळ थर घासणं. खोल डाग मात्र यांना जुमानत नाहीत.

पण हे सांगतंय कोण? काउंटरवरच्या मुलीने 'स्माइल डिझाइन'चा कागद पुढे सरकवला. आठ व्हिनियर, म्हणजे दातांवर समोरून चिकटवायचे पातळ पापुद्रे, हप्त्यांची सोय. राखाडी दात एक, व्हिनियर आठ! व्हिनियरसाठी साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल घासतात. ते परत उगवत नाही, आणि व्हिनियर पुढेमागे बदलावंच लागतं.

रूट कॅनाल झालेल्या, मेलेल्या राखाडी दाताचा उपाय मागच्या बाजूने आहे. दात मागून उघडायचा, रूट कॅनालचं भरण हिरडीच्या रेषेखाली थोडं काढून वर सिमेंटचा थर द्यायचा, आणि पोकळीत सोडियम परबोरेट या ब्लीच करणाऱ्या औषधाचा लगदा भरून तात्पुरतं बंद करायचं. आठवड्याच्या अंतराने लगदा बदलायचा, दोन-चार वेळा. तो सिमेंटचा थर चुकवला तर औषध मुळापर्यंत झिरपून मूळ झिजू शकतं, म्हणून घाई करणाऱ्याकडे जाऊ नये. समोरून दाताला हातही लागत नाही, खर्च व्हिनियरच्या मानाने किरकोळ.

डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "हो, तेही होतं." कागदावर तेवढी एक ओळ लिहायला काय झालं होतं?