तुमचा टेम्पो कुठे आहे?

"कितने मीटर का देख रहे हो?"

परवा दुपारी साडेबाराला, गोव्यातल्या केळशी गावात एका वळणावर, मी एका जांभ्या दगडासमोर उकिडवा बसलो होतो, तेव्हा हा प्रश्न पाठीमागून आला. प्रश्नापेक्षा भाषा जास्त लागली. माझा जन्म म्हापशाचा, शाळा फोंड्याची, पोट हुमण-भातावर वाढलेलं. मासळीबाजारातल्या बायका मला भाव सांगायच्या आधीच बांगडे पिशवीत घालतात, इतका मी इथला दिसतो. आणि हा मनुष्य माझ्याशी हिंदीत बोलतो!

मी तिथे का बसलो होतो ते चटकन सांगून टाकतो. माझा एक चुलतभाऊ गेल्या वर्षी पोर्तुगालमधल्या पोर्तोहून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत, ख्रिस्ती यात्रेकरूंच्या जुन्या वाटेने चालून आला. तिथे म्हणे वाटेवरच्या दगडांवर, भिंतींवर पिवळे बाण रंगवलेले असतात, शिंपल्याची खूण असते, जागोजागी पुस्तिकेवर शिक्के मारून देतात आणि शेवटचे १०० किलोमीटर पायी केले की लॅटिनमध्ये प्रमाणपत्र मिळतं. हे त्याने एकाच लग्नात तीनदा सांगितलं. पायाला आलेले फोड मोबाइलवर बोटांनी मोठे करून दाखवले, तेही माझ्या पानात जिलेबी पडलेली असताना. मला वाटलं, चालायला पोर्तुगिजांच्या देशात कशाला जायचं? पोर्तुगिजांमुळे आपली देवी जी वाट चालली, ती वाट आपण चालू.

कवळ्याची शांतादुर्गा आमची कुलदेवता. तिचं मूळ गाव केळशी, जुवारीच्या पलीकडे. पोर्तुगिजांनी तिकडची देवळं पाडायला काढली तेव्हा, १५६० च्या दशकात, भक्तांनी देव उचलले आणि नदी ओलांडून आदिलशाहीतल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आणून ठेवले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. आता पर्यटकांच्या बसगाड्या ही सगळी देवळं एका सकाळीत उरकतात आणि जेवायला कळंगुटला पोचतात. देव इथे आले कसे, हे त्यातल्या कुणालाही विचारावंसं वाटत नाही. बसने आले असतील.

आईचा विरोध भूगोलाचा होता. "अरे, कवळे आपल्या घरापासून चारेक किलोमीटर. तू आधी बसने नदीपलीकडे जाणार आणि तिथून चालत परत घराकडे येणार?" असं मांडल्यावर जगातली कुठलीही यात्रा वेडगळच वाटेल. आईशी यात्रांबद्दल बोलू नये.

रात्री देव घेऊन निघालेली माणसं मागे नकाशा ठेवून जात नाहीत, त्यामुळे वाट मीच आखली. केळशीहून निघायचं, महामार्ग ओलांडायचा, लोटली, मग रासयचा धक्का. तिथून फेरीबोटीने दुर्भाट आणि पुढे चढाव चढून कवळे. माझ्या हिशेबाने २० किलोमीटर, फार तर २२. फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही. गोव्यात चालणाऱ्याला मिळणारा मान तो एवढाच. शेवटाची चिंता नव्हती. कवळ्याचं देऊळ १७३८ चं, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकारातलं, ते काही जागचं हलणार नाही. अडलं होतं ते सुरुवातीला. पहिलं पाऊल नेमकं कुठून टाकायचं?

तेच ठरवायला मी परवा गेलो. तिघांना जुन्या जागेबद्दल विचारलं आणि तिघांनी तीन दिशांना हात करून एकच उत्तर दिलं, "थंयच." म्हणजे तिथेच. हा गोव्यातला पत्ता. पोस्ट, बँक, डॉक्टर, सगळं थंयच असतं. त्या थंयचच्या शोधात फिरताना वळणावर एक जांभा दगड दिसला आणि त्यावर चक्क पिवळा बाण! माझ्या अंगावर काटा आला. चुलतभावाला फोटो पाठवायचा म्हणून मी खाली बसलो. नकाशाची गुंडाळी काखेत, टोपी डोक्यावर, मोबाइल दगडावर रोखलेला. आता मान्य करतो, दृश्य वाईट होतं.

वळून पाहिलं. सत्तरीचे गृहस्थ, बर्म्युडा, वर बनियन, एका हातात पोयांची, म्हणजे आमच्याकडच्या पावांची, पिशवी. मी मुद्दाम ठणठणीत कोकणीत सांगितलं, "मीटर न्हय, हांव वाट सोदतां."

त्यांनी मला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं आणि माझी बढती मराठीत केली. कोकणीपर्यंत मी शेवटपर्यंत पोचलो नाही. आमच्याकडे बोलणं कोकणीत, वाचन मराठीत आणि दोन्हींवरून भांडण दोन्हींत, हे ठीक आहे. पण समोरचा आपल्याशी कुठल्या भाषेत बोलतो त्यावरून त्याने आपल्याला नदीच्या कुठल्या काठावर उभं केलंय ते कळतं.

"वाट आहे की," ते म्हणाले. "तीन मीटरचा ॲक्सेस आहे. सहा करून मिळेल."

"तसली वाट नव्हे हो काका. देवीची वाट."

"देवस्थानाची जमीन? त्यात पडू नका. टायटल क्लिअर नसतं."

"मला जमीनच नको. मी इथून कवळ्याला चालत जाणार आहे."

पोयांची पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात गेली.

"गाडी बिघडली?"

"गाडी आणलीच नाही."

"पोलिसांनी लायसन काढून घेतलं?"

"नाही हो. पदयात्रा करणार आहे, पदयात्रा!"

"असं सांगा ना!" त्यांचा चेहरा उजळला. "किती माणसं?"

"मी एकटा."

"बाकीचे मागून येतात?"

"मागे कोणी नाही."

"मग टेम्पो कुठे आहे?"

"कसला टेम्पो?"

इथे त्यांनी पिशवी कठड्यावर ठेवली. आता हे प्रकरण दोन्ही हातांचं होतं. त्यांच्या वाड्यावरचे मुलगे दरवर्षी शिर्डीला चालत जातात. त्यांच्या पुढे पालखी असते, मागे टेम्पो असतो. टेम्पोत पाणी, गाद्या, स्पीकर, जनरेटर आणि पाय दुखणारे दोघे-तिघे. सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट, छातीवर साईबाबा, पाठीवर आमदार. "तुमच्या पाठीवर कोण आहे?" त्यांनी विचारलं आणि खरोखरच मागे येऊन पाहिलं. माझ्या पाठीवर घाम होता.

"आमदार नाही," ते बोटांवर मोजत म्हणाले, "टेम्पो नाही, माणसं नाहीत, बॅनर नाही. ही पदयात्रा कसली? हे नुसतं चालणं झालं."

"देवी तरी कुठे टेम्पोने गेली?" मी चिडून म्हटलं.

"देवी नाइलाजाने गेली. तुम्हाला कसला नाइलाज?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. काल आंघोळ करताना एक सुचलं होतं, पण अंग पुसेपर्यंत तेही फिकं वाटायला लागलं. शिव आणि विष्णू यांच्या युद्धात मधे पडून दोघांना शांत केलं म्हणून ती शांतादुर्गा. माझ्या आणि या बर्म्युडाच्या मधे ती पडली नाही.

"मग दगड कशाला बघत होता?"

मी पिवळ्या बाणांचं सगळं सांगितलं. पोर्तो, शिंपला, शिक्के, लॅटिन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वाकून दगड पाहिला आणि म्हणाले, "हा बाण नव्हे. सातचा आकडा आहे. माझ्या पुतण्याने मारला. गेल्या महिन्यात सर्व्हे झाला ना, सात नंबरचा प्लॉट."

नीट पाहिलं. सातच होता. पुतण्याचा हात थोडा हलला होता, एवढंच.

आणि मग गृहस्थ सुटले. ३०० मीटरचे प्लॉट, वरच्या ओळीला नदी दिसते, विहिरीला मेपर्यंत पाणी. भाटाचे, म्हणजे त्या बागायतीचे, मालक पाच भाऊ. चौघे सही करायला तयार, पाचवा लिस्बनला, त्याचं कुलमुखत्यारपत्र येतंय. मी उभा राहून ऐकत होतो. आणि अचानक माझ्या तोंडून निघून गेलं, "झोन कुठला?"

का विचारलं? देवीची शपथ, मला माहीत नाही. गोव्यात राहून हा प्रश्न रक्तात येतो बहुतेक, साखरेसारखा.

"ऑर्चर्ड," ते म्हणाले. "पण ३९-ए आहे की. होऊन जातं." ३९-ए म्हणजे नगरनियोजन कायद्यातलं, जमिनीचा झोन बदलून देणारं कलम.

हे 'होऊन जातं' ऐकलं आणि माझी सगळी गंमत विटली. इतका वेळ मला वाटत होतं, या माणसाने माझ्यावर संशय घेतला. आणि घ्यायलाच हवा होता. नकाशा घेऊन दगडापाशी उकिडवा बसलेला परका माणूस आजकाल गोव्यातल्या गावात दुसऱ्या कशासाठी येतो? त्याने संशयाने मला हाकललं असतं, अंगावर कुत्रा सोडला असता, तर मी त्याच्या पाया पडलो असतो. त्याने चहा विचारला. काजूची झाडं उभी आहेत, आंब्याला मोहोर आहे आणि कागदावर ते सगळं आधीच 'होऊन गेलं' आहे. तेव्हा इथले देव रात्री हलवले, आता डोंगर रात्री हलतात. टेम्पोने नव्हे, दहा चाकी ट्रकने. आणि सकाळी उठून बघावं तर शेतात लाल माती आणि मातीवर पिवळा आकडा.

मी चहा नको म्हटलं. मग त्यांना माझी दया आली. "उन्हाचे चालू नका, स्टॉपपर्यंत सोडतो," म्हणाले. मी नको-नको म्हणत असतानाच पोयांची पिशवी माझ्या मांडीवर आली आणि मी स्कूटरवर. माझ्या पदयात्रेच्या नियोजित मार्गाचा पहिला दीड किलोमीटर मी अशा रीतीने पाहिला, एका ब्रोकरच्या पाठीमागे, गरम पोया सांभाळत.

स्टॉप महामार्गावर. ओलांडायला दहा मिनिटं उभा होतो. पदरांवर पदर, मधे दुभाजक, दुभाजकावर कन्हेरी. झाडांना ओलांडायची सोय आहे की नाही कल्पना नाही, माणसांना नव्हती. एक गाडी थांबली. मला वाटलं, वाट देतोय. काच खाली करून त्याने विचारलं, "बिघडली काय?"

संध्याकाळी मोबाइलवर एक लोकेशन आलं. नंबर मी दिला नव्हता अशी माझी समजूत होती. बहुतेक स्कूटरवर दिला असावा, पोयांच्या गडबडीत. खाली लिहिलं होतं, 'प्लॉट ७. थंयच.' एवढा नेमका ठिपका मला दिवसभरात दुसऱ्या कुणी दिला नव्हता. बराच वेळ विचार केला आणि नकाशावर सुरुवात म्हणून तोच टाकला.

आईला सगळं सविस्तर सांगितलं, अपमानाचा भाग थोडा वाढवून. ती वाल सोलत होती. मोबाइल हातभर लांब धरून तिने तो ठिपका निरखून पाहिला, परत दिला आणि पुढचा वाल घेतला.

"तो लिस्बनवाला सही करणार म्हणतो?"

"मला काय माहीत, आई!"

"नाही, आपली विचारते. मीटरला किती म्हणाला?"